श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं: पेशी तो कुठे आणि कशासाठी वापरतात

माळरान

"आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो" हे वाक्य प्राथमिक शाळेपासून इतकं पाठ झालेलं असतं की मधल्या मधे काय घडतं हे विचारायचं राहूनच जातं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आत गेलेल्या ऑक्सिजनचं होतं काय, असं वर्गात विचारलं की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर येतात: कार्बन डायऑक्साइड. पण तसं होत नाही. त्या ऑक्सिजनचं पाणी होतं. साखरेतल्या कार्बनला तो शिवतही नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली की बऱ्याच वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एका जागी येतात, म्हणून हा धागा.

ज्वारीच्या पट्ट्यातल्या लोकांना एक गोष्ट माहीत असते. पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघाभर होऊन सुकत चालली आणि जनावर त्या कोवळ्या पिकात शिरलं, तर काही मिनिटांतच ते धापा टाकायला लागतं, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि आडवं होतं. याला किराळ लागणं म्हणतात. अशा जनावराच्या हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली बाजू पाहिली तर ती निळी-काळी पडलेली नसते, लालभडक असते. शिरेतून रक्त काढलं तर तेही लालभडक. म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, फुप्फुसं चालू आहेत, हृदय चालू आहे, तरी जनावर गुदमरून मरतंय. हे कसं, याचं उत्तर श्वासात सापडत नाही. त्यासाठी पेशीच्या आत जावं लागतं.

माणसाला तिथे पोहोचायला बराच काळ लागला. लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात एक गिनिपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळतो, तेही मोजलं. आकडे जवळजवळ जुळले. श्वसन हे एक संथ ज्वलन आहे, हा निष्कर्ष तिथून निघाला. लाव्हाझिएला वाटत होतं की हे ज्वलन फुप्फुसात होतं. पुढे १८७० च्या दशकात जर्मनीत बॉनला प्फ्ल्यूगर यांच्या प्रयोगशाळेत बेडकाचं सगळं रक्त काढून त्याजागी मिठाचं पाणी भरलं आणि त्याला शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलं. बेडूक जगला, ऑक्सिजन घेत राहिला, कार्बन डायऑक्साइड सोडत राहिला. म्हणजे ऑक्सिजनचा वापर फुप्फुसात होत नाही, रक्तातही होत नाही. तो ऊतींच्या पेशींमध्ये होतो.

आता पेशीपर्यंतचा प्रवास. समुद्रसपाटीला हवेतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १६० मिलिमीटर असतो. फुप्फुसातल्या वायुकोशात तो १०० च्या आसपास येतो, धमनीतल्या रक्तात ९५ च्या, ऊतींमधून परत येणाऱ्या रक्तात ४० च्या, आणि पेशीच्या आत तंतुकणिकेपाशी (मायटोकाँड्रिया, ऑक्सिजन वापरणारा पेशीचा भाग) अगदीच थोडा उरतो. साखरेला पेशीत शिरायला पटलात खास वाहक प्रथिनं लागतात. ऑक्सिजनला दार लागत नाही, पंपही लागत नाही. त्याचा रेणू लहान, त्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे पेशीच्या स्निग्ध पटलातून तो सरळ आरपार जातो. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे. तंतुकणिका तो सतत संपवत राहतात, म्हणूनच आत कायम कमी असतो आणि म्हणूनच तो आत येत राहतो. पेशी ऑक्सिजन "ओढून" घेत नाही, वापरून जागा करून देते. हे मला फार सुंदर वाटतं आणि पुस्तकात यासाठी अर्धी ओळही नसते.

तिकडे ग्लुकोजचं काय चाललंय? पेशीद्रवात त्याचे दोन तुकडे होतात, पायरुविक आम्लाचे. या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही. ते पायरुविक आम्ल तंतुकणिकेत जातं, तिथे त्यातला एक कार्बन सुटतो, उरलेला भाग क्रेब्ज चक्रात शिरतो आणि उरलेले कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये शेफिल्डला हे चक्र मांडलं, १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत बघा: सगळा कार्बन डायऑक्साइड इथेच तयार होऊन गेला आणि श्वासातून आलेला ऑक्सिजन अजून रंगमंचावर आलेलाच नाही! त्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आला साखरेतून आणि पाण्यातून. हिशोब सोपा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूत ऑक्सिजनचे ६ अणू असतात. ६ कार्बन डायऑक्साइडला लागतात १२. बाकीचे ६ चक्रात ओढून घेतलेल्या पाण्याच्या रेणूंमधून येतात.

मग साखरेतून खरं मिळालं काय? इलेक्ट्रॉन. एनएडीएच आणि एफएडीएचटू हे रेणू ते इलेक्ट्रॉन उचलून तंतुकणिकेच्या आतल्या पटलापाशी आणतात. तिथे प्रथिनांची एक साखळी आहे. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे उतरत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा सुटते. साखळीच्या अगदी शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) आहे. त्यात लोहाचा एक अणू आणि तांब्याचा एक अणू समोरासमोर असतात. ऑक्सिजनचा रेणू त्या दोघांच्या मधे पकडला जातो, त्याला एकूण चार इलेक्ट्रॉन मिळतात, सोबत चार प्रोटॉन, आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. अर्धवट इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन फार उपद्रवी असतो, म्हणून हे विकर काम पुरं होईपर्यंत त्याला सोडत नाही. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या एका विकरावर खर्च होतो. इलेक्ट्रॉन घेऊन साखळी मोकळी ठेवणं, एवढंच त्याचं काम.

ही साखळी डोळ्यांनी प्रथम पाहिली डेव्हिड केलिन यांनी, केंब्रिजमध्ये, १९२५ च्या सुमारास. कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंकडे ते वर्णपटदर्शकातून पाहत होते आणि त्यांना ठरावीक जागी काळे पट्टे दिसले, साखळीतली प्रथिनं इलेक्ट्रॉन धरून असली की उमटणारे. मग यीस्टच्या पेशी पाण्यात कालवून त्यांनी तेच पाहिलं. नळी हवेसोबत जोरात हलवली की पट्टे नाहीसे होत. नळी स्थिर ठेवली की थोड्या वेळात पट्टे परत उमटत, कारण यीस्टने पाण्यातला ऑक्सिजन संपवलेला असे. पुन्हा हलवा, पुन्हा गायब. जिवंत पेशी ऑक्सिजन वापरताना थेट दिसत होती. त्या नळीत सायनाइड टाकलं की मात्र कितीही हलवा, पट्टे जागचे हलत नसत. इलेक्ट्रॉन साखळीत अडकून पडलेले, पुढे जायला वाट नाही.

उरला प्रश्न एटीपीचा, म्हणजे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा. इलेक्ट्रॉन उतरताना सुटलेल्या ऊर्जेचं एटीपी बनतं कसं? अनेक वर्षं सगळे मधल्या एखाद्या रासायनिक पदार्थाचा शोध घेत होते आणि तो सापडत नव्हता. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितलं की असा पदार्थ नाहीच. त्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाच्या बाहेर ढकलले जातात आणि परत येताना ते एटीपी बनवून देतात. कोयनेच्या धरणात पाणी अडवून ते खाली टर्बाइनवर सोडावं, तसं. फार थोड्यांना हे पटलं. आजारपणामुळे मिचेल यांनी एडिंबरा सोडलं, कॉर्नवॉलमध्ये ग्लिन हाउस नावाची एक पडकी हवेली दुरुस्त करून घेतली आणि तिथे जेनिफर मॉयल यांच्यासोबत छोटी प्रयोगशाळा थाटली. ऑक्सिजन संपलेल्या तंतुकणिकांच्या द्रावणात ऑक्सिजन मिसळलेल्या पाण्याचा एक लहानसा डोस सोडायचा आणि पीएच मीटरकडे बघत राहायचं. ऑक्सिजन पोहोचताच बाहेरचं द्रावण आम्लधर्मी होई: प्रोटॉन खरोखर बाहेर येत होते. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिचेल यांना एकट्याला मिळालं. मॉयलबाईंचं नाव पाठ्यपुस्तकात यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

त्या पटलावर सुमारे १५० मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. मीटरच्या हिशोबात ते ३ कोटी व्होल्ट होतात. आणि प्रोटॉन ज्यातून परत येतात ते एटीपी सिंथेज खरोखर गोल फिरतं. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला चमकणारा एक तंतू जोडून सूक्ष्मदर्शकाखाली ते फिरताना चित्रित केलं. एका फेरीत तीन एटीपी.

आता त्या जनावराकडे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो. पान चावलं गेलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. तो सायटोक्रोम ऑक्सिडेझमधल्या लोहाला, ऑक्सिजनच्याच जागी, जाऊन चिकटतो. ऑक्सिजन दारापर्यंत आला, पण घेणारा जागेवर नाही. इलेक्ट्रॉन तुंबले, प्रोटॉन थांबले, एटीपी थांबलं. ऊती ऑक्सिजन उचलतच नाहीत, म्हणून शिरेतलं रक्तही धमनीसारखं लाल.

कुणाला काही विचारायचं असेल, भर घालायची असेल तर जरूर घाला.

---

रेणूरंग

मॅडम, उत्तम लेख. एक भर घालतो. लेखात "साखरेतल्या कार्बनला शिवत नाही" म्हटलंय ते थेट अभिक्रियेबद्दल अगदी खरं आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला लिफसन आणि सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजन-१८) वापरून हे तपासलं होतं. श्वासातला जड ऑक्सिजन शरीरातल्या पाण्यात गेलेला सापडला. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यात कार्बोनिक आम्लामार्फत ऑक्सिजनच्या अणूंची सतत अदलाबदल चालू असते. त्यामुळे श्वासातून आलेला एखादा अणू आधी पाणी होऊन मग कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर पडू शकतो. वाट मात्र पाण्यावरूनच जाते.

याच निरीक्षणातून पुढे एक पद्धत निघाली. पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही जड घेऊन ते प्यायला द्यायचं. हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर जातो, ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्हींवाटे. दोघांच्या वेगातल्या फरकावरून माणसाने दिवसभरात किती ऊर्जा खर्च केली ते कळतं, तेही तो रोजची कामं करत असताना. लघवीचे नमुने पुरतात.

माळरान

@रेणूरंग, ही भर फार मोलाची. दुहेरी जड पाण्याची पद्धत मी वर्गात सांगते, पण तिचं मूळ याच प्रयोगात आहे हे जोडून सांगितलंत हे छान झालं.

---

गोठा

ताई, मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे ज्वारीचा भाग वाचून राहवलं नाही. पशुपालकांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात धोक्याचं पीक म्हणजे पाण्याच्या ताणात वाढलेलं कोवळं पीक, आणि त्याहून धोक्याचे कापणीनंतर बुडख्यातून आलेले हिरवे फुटवे. लोकांना वाटतं फुटवे थोडेसेच आहेत, चरू दे. तिथेच घात होतो. फुलोरा आल्यानंतर प्रमाण पुष्कळ कमी होतं. नीट वाळवलेल्या कडब्यातलं विष बरंचसं उडून जातं, म्हणून तोच कडबा वर्षभर घातला तरी काही होत नाही. उपाशी जनावर सोडलं तर ते भसाभसा खातं, म्हणून रानात सोडण्याआधी थोडी वैरण घालावी. गाई-म्हशींना घोड्यापेक्षा धोका जास्त, कारण त्यांच्या पहिल्या पोटातले जिवाणू धुरिन फोडायला मदत करतात.

उपचार आहे, पण वेळ फार कमी असतो. आम्ही शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतो. त्यामागचं कारण या धाग्याशी थेट जुळतं. नायट्राइटमुळे हिमोग्लोबिनचा काही भाग मेथहिमोग्लोबिन होतो. त्यातलं लोह सायनाइडला तसंच आवडतं जसं तंतुकणिकेतल्या विकरातलं, त्यामुळे सायनाइड विकराला सोडून रक्तात येऊन बसतो. मग थायोसल्फेटमधलं गंधक वापरून यकृतातलं एक विकर त्याचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीतून निघून जातं. वेळेत मिळालं तर आडवं पडलेलं जनावर डोळ्यांसमोर उठून उभं राहतं.

मात्र नायट्राइटचा डोस चुकला तर रक्त ऑक्सिजन वाहायचंच थांबेल. घरी कुणी प्रयोग करू नये, लगेच डॉक्टरांना फोन करावा.

काळी माती

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. आमच्याकडे खोडव्याच्या फुटव्यांवर सोडलेली शेजाऱ्यांची गाय अशीच गेली. सगळे म्हणत होते काहीतरी चावलं असणार. रक्त लाल का होतं ते आज कळलं. मक्यातही हे असतं का?

गोठा

@काळी माती, मक्यात सायनाइडचा धोका ज्वारीच्या मानाने फारच कमी. मक्यात आणि इतर चाऱ्यात दुष्काळात वेगळा धोका असतो, नायट्रेट साठण्याचा. त्यात रक्त चॉकलेटी-तपकिरी दिसतं, लाल नाही. तिथे हिमोग्लोबिनच नादुरुस्त होतं आणि औषध वेगळं लागतं. रक्ताचा रंग बघून फोनवर सांगितलात तरी डॉक्टरला मोठी मदत होते.

---

अकरावी ब

मॅडम, एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी असं आम्ही पाठ केलंय. मला इंटरनेटवर ३० आणि ३२ पण दिसतं. परीक्षेत काय लिहायचं?

माळरान

बाळा, परीक्षेत तुझ्या पुस्तकात असेल तेच लिही. पण खरं काय ते समजून घे. ३८ हा आकडा एका एनएडीएचमागे ३ आणि एका एफएडीएचटूमागे २ एटीपी धरून आला होता. मिचेल यांची कल्पना रुळल्यावर लक्षात आलं की इथे पूर्णांक असायची सक्तीच नाही, कारण मधे प्रोटॉनचा साठा आहे. आज अडीच आणि दीड असं धरतात. शिवाय पेशीद्रवात तयार झालेल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत पोहोचवायला खर्च येतो आणि तो कोणत्या मार्गाने गेले यावर अवलंबून असतो. म्हणून ३० किंवा ३२. त्यातही पटलातून थोडे प्रोटॉन असेच झिरपतात, तेव्हा प्रत्यक्षात आणखी कमी. ऑक्सिजनशिवाय मात्र फक्त २. हा फरक लक्षात ठेव, तो महत्त्वाचा.

अकरावी ब

मग आपल्या शरीरात ऑक्सिजनशिवाय फक्त २ वर जगणारी पेशी आहे का?

माळरान

आहे, आणि तीच ऑक्सिजन वाहून नेते! लाल रक्तपेशी. तिच्यात तंतुकणिका नसतात. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे कोट्यवधी रेणू, प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू, आणि ती स्वतः त्यातला एकही वापरत नाही. सुमारे १२० दिवसांचं सगळं आयुष्य ग्लुकोजचे दोन तुकडे करून मिळणाऱ्या ऊर्जेवर काढते.

---

पैंजण

हिशोबाची आवड असल्यामुळे आकडेमोड करून पाहिली. आराम करणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिली ऑक्सिजन वापरतो. दिवसाला ३६० लिटर, म्हणजे सुमारे १६ मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक). ग्लुकोज धरलं तर जेवढे मोल ऑक्सिजन तेवढे मोल पाणी निव्वळ शिल्लक. १६ गुणिले १८ म्हणजे जवळजवळ २९० ग्रॅम. दिवसाला सव्वा-दीड पेला पाणी आपण न पिता शरीरात तयार होतं!

एटीपीचं तर विश्वास बसेना. ६ ऑक्सिजनमागे ३० एटीपी, म्हणजे एकामागे ५. दिवसाला ८० मोल. एटीपीच्या एका मोलचं वजन ५०७ ग्रॅम. उत्तर ४० किलो येतंय. ताई, कुठे घसरले का?

माळरान

@पैंजण, कुठेही घसरला नाहीत. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी असतं शंभरेक ग्रॅमच्या घरात. तेच रेणू दिवसभरात शेकडो वेळा मोडतात आणि पुन्हा भरले जातात. म्हणून तर हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, ऑक्सिजनचा वाटा मात्र २० टक्के, आणि गाठीला काहीच नाही.

---

तुळस

लेख फार आवडला. मी निवृत्त आहे, रोज पहाटे प्राणायाम करतो. आम्हाला सांगितलं जातं की खोल श्वासाने शरीरात ऑक्सिजन वाढतो आणि पेशींना जास्त ऊर्जा मिळते. हे कितपत खरं?

भूल डॉक्टर

काका, नमस्कार. मी भूलतज्ज्ञ आहे, दिवसभर लोकांचा ऑक्सिजन मोजणं हेच काम. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच ९६ ते ९९ टक्के भरलेलं असतं. जोरजोरात श्वास घेऊन त्यात फार तर एखाद्या टक्क्याची भर पडते. आणि तंतुकणिका ऑक्सिजन मिळतो म्हणून जास्त वापरत नाहीत. एटीपी खर्च झालं तरच साखळी वेगाने चालते. तुम्ही चालायला लागलात की पेशी आपोआप जास्त ऑक्सिजन घेतात.

संथ श्वासाचा फायदा आहे, पण तो वेगळ्या वाटेने. नाडी शांत होते, रक्तदाब थोडा उतरतो, मन स्थिर होतं. तुम्ही जरूर चालू ठेवा. भराभर श्वासाच्या प्रकारांत मात्र ऑक्सिजन वाढण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड घटतो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हलकं-हलकं, चक्कर आल्यासारखं वाटतं. त्याला ऊर्जा समजू नये.

याच कारणासाठी एक सूचना सगळ्यांना. विहिरीत किंवा तलावात लांब बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेण्याची मुलांची सवय असते. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तोच आधी कमी करून ठेवला तर पाण्याखाली ऑक्सिजन संपेपर्यंत श्वासाची गरजच जाणवत नाही आणि पोहणारा मुलगा काही न कळता बेशुद्ध होतो. चांगले पट्टीचे पोहणारे असे गेलेत.

तुळस

डॉक्टर, समजावून सांगितल्याबद्दल आभारी आहे. नातवाला आजच सांगतो.

भूल डॉक्टर

अजून एक, कारण हिवाळ्यात असे रुग्ण येतातच. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर. जागा बंद असली की ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो आणि उरलेला ऑक्सिजनही सुटू देत नाही. शिवाय थोडा सायटोक्रोम ऑक्सिडेझलाही अडवतो.

इथे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फसवतो, हे कृपा करून लक्षात ठेवा. तो लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांत रक्त बघतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला लालच दिसतं, त्यामुळे ९८ दाखवतो आणि माणूस मरणाच्या दारात असतो. कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले ते चांगलं झालं, पण तो आकडा फक्त रक्ताबद्दल सांगतो. पेशीला काय मिळतंय ते त्याला दिसत नाही. सायनाइडमध्येही असंच.

उपाय: गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. आत कुणी पडलेलं दिसलं तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला बाहेर काढा, मग दवाखाना. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तेच तास-दीड तासावर येतं. रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनाही हेच लागू.

---

दंडबैठक

व्यायामाचा प्रश्न विचारतो. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असं आमचे ट्रेनर सांगतात. आणि जिममधला एक जण चरबी जाळायची डीएनपी नावाची पावडर मागवतो म्हणतो. तीही तंतुकणिकेवर काम करते म्हणे. माहिती आहे का कुणाला?

माळरान

दुसरं आधी, कारण ते जिवावरचं आहे. दादा, त्या मित्राला आजच्या आज थांबवा. डीएनपी पटलातून प्रोटॉन परत आत नेतं, एटीपी सिंथेजला वगळून. साखळी जोरात चालते, ऑक्सिजन आणि चरबी भराभर संपते, एटीपी मात्र बनत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होते. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत हे वजन कमी करायला सर्रास दिलं जात होतं. लोकांना मोतीबिंदू झाले, काही अक्षरशः तापून मेले, आणि १९३८ मध्ये ते बंद झालं. त्याला उतारा नाही. डोस थोडा वाढला की ताप ४२ च्या पुढे जातो आणि पॅरासिटामॉलने उतरत नाही.

निसर्गातही हीच युक्ती आहे, पण लगाम लावलेली. नवजात बाळाच्या पाठीवर आणि मानेपाशी तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत एक प्रथिन गरजेपुरते प्रोटॉन आत सोडतं आणि बाळ न कुडकुडता ऊबदार राहतं.

पायदुखीबद्दल: व्यायाम थांबल्यावर लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप) तासा-दोन तासांत रक्तातून जातं. हृदय तर ते आनंदाने इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं आणि त्यानंतरच्या दाहाचं.

दंडबैठक

मित्राला धागा पाठवला, फोनही केला. त्याने ऑर्डर रद्द केली. मनापासून आभार.

---

सह्यभटकी

आम्ही आईला घेऊन मे महिन्यात लेहला जातोय. कळसूबाई, साल्हेर वगैरे नेहमीचंच, दम लागत नाही. पण आईला काळजी वाटते की तिथे हवेत ऑक्सिजन कमी असतो. ऑक्सिजनचे छोटे डबे विकत घेऊन ठेवावेत का?

भूल डॉक्टर

ताई, हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण लेहलाही तेच, २१ टक्के. कमी होतो तो दाब. लेखात ताईंनी १६० पासूनची उतरंड दिली आहे ना, तिची सुरुवातच लेहला साधारण शंभराच्या आसपास होते. त्यामुळे शेवटच्या टोकाला, तंतुकणिकेपाशी, ओढ कमी पडते. कळसूबाई १६४६ मीटर, लेह ३५०० मीटर. सह्याद्रीतल्या दमाचा तिथे काही उपयोग नाही. धडधाकट तरुणांनाही त्रास होतो, कारण ते पहिल्याच दिवशी धावपळ करतात.

माळरान

यात पेशीचा भाग असा. ऑक्सिजन पुरेसा असताना पेशी एचआयएफ नावाचं एक प्रथिन बनवतात आणि लगेच मोडूनही टाकतात. मोडण्यासाठी त्याच्यावर एक खूण करावी लागते आणि ती खूण करणाऱ्या विकराला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, प्रथिन साठतं, केंद्रकात जातं आणि अनेक जनुकं चालू करतं. मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्यामुळे अस्थिमज्जा लाल पेशी जास्त बनवते. केलिन (हे अमेरिकेतले विल्यम केलिन, वरचे वेगळे), रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. पण लाल पेशी वाढायला आठवडे लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीराकडे श्वास आणि नाडी वाढवणं एवढंच असतं.

भूल डॉक्टर

म्हणून व्यवहारात असं करा. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम, खारदुंग ला किंवा पँगाँग त्यानंतर. मुक्कामाची उंची हळूहळू वाढवा. पाणी पीत राहा, दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं आणि लष्करी किंवा सरकारी रुग्णालय गाठायचं. छोट्या डब्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर वर थांबू नका. ॲसिटाझोलामाइडची गोळी काहींना उपयोगी पडते, पण मूत्रपिंडाचा त्रास किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर अडचण होऊ शकते, तेव्हा आईंना घेऊन निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आईंना रक्तदाब किंवा हृदयाचं काही आहे का?

सह्यभटकी

रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. श्रीनगरमार्गे गाडीने जायचं ठरवतोय आता, वाटेत सोनमर्ग आणि कारगिलला एकेक मुक्काम करून. चालेल ना?

भूल डॉक्टर

विमानापेक्षा हे पुष्कळ बरं. कारगिल २७०० मीटरच्या आसपास आहे, तिथे दोन रात्री काढता आल्या तर आणखी चांगलं. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, आणि जाण्याआधी एकदा ईसीजी काढून घ्या.